माळा उतरवताना

फेब्रुवारी, दुसरा आठवडा

सोसायटीच्या बैठकीत अखेर तारीख ठरली. ३१ मेपर्यंत सगळ्यांनी घरं रिकामी करून किल्ल्या द्यायच्या. मग आमची तीन मजली इमारत पडणार, त्या जागी नवी उभी राहणार, आणि तोवर तीन वर्षं आम्ही सदाशिव पेठेतून भुसारी कॉलनीत, भाड्याच्या घरात. अंतर सात किलोमीटर.

बिल्डरचा माणूस सगळ्यांना धीर देत होता. "सामानाची काळजी करू नका काकू. सकाळी आठला माणसं येतील, संध्याकाळी सहाला घर मोकळं." ऐकून लोकांना हायसं वाटलं. मला मात्र गेल्या जूनमधली गल्लीच्या कोपऱ्यावरची सकाळ आठवली. समोरच्या इमारतीतलं एक कुटुंब असंच एका दिवसात गेलं. मागे फोमच्या दोन गाद्या, थर्मोकोल, बबल रॅपचे बोळे, औषधांच्या बाटल्या, लहान मुलाची तीनचाकी सायकल. रात्री पाऊस झाला. सकाळी आमच्या कचरावेचक ताई भिजलेली गादी एकट्याने ओढत होत्या. पाणी पिऊन ती माणसापेक्षा जड झाली होती. शेजारच्या काकांनी आणि मी हात लावला तेव्हा कुठे ती ढकलगाडीपर्यंत गेली.

ती माणसं बेफिकीर नव्हती. त्यांना वेळ पुरला नाही, एवढंच. तीनचाकी सायकल कुणाला तरी हवी असतेच, पण तो कुणीतरी शोधायला चार दिवस लागतात आणि टेम्पो तर खाली येऊन उभा असतो. घर बदलताना होणारा बहुतेक कचरा हा घाईचा कचरा आहे. माझ्या हातात साडेतीन महिने आहेत.

*

लेकीच्या नववीच्या वहीत मागची साठेक पानं कोरी सापडली. तीच ही वही. एकच नियम केला आहे: कुठल्याही वस्तूपुढे 'टाकायची' असं लिहायचं नाही. 'कुणाकडे?' असं लिहायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढची जागा कोरी ठेवायची.

*

आज माळा उतरवला. नवरा शिडीवर, मी खाली, आणि सासूबाई खुर्चीत बसून प्रत्येक वस्तूची साक्ष देत होत्या. निघालं ते असं: तांब्याचा बंब. पाळण्याच्या कड्या. सासऱ्यांची हार्मोनियम, भात्याला भोक पडलेली. चार ट्यूबलाइट, त्यातल्या दोन उडालेल्या तरी जपून ठेवलेल्या. जुना, पोटाला मोठा असलेला कॉम्प्युटरचा मॉनिटर. टीव्हीचं मूळ खोकं, आतल्या थर्मोकोलसकट. १९८१ पासूनचे दिवाळी अंक. एका लोखंडी ट्रंकेत आजेसासूबाईंच्या सात नऊवारी. आणि पार्टिकल बोर्डची, वर सनमायका लावलेली दोन शेल्फं, खाली आणतानाच कोपऱ्यात फुटली.

बंबाची चिंताच नव्हती. तांब्या-पितळेला आपल्याकडे नेहमीच वारस असतो. वापरायला कुणी घेतं, नाहीतर मोडीत जातं आणि वितळून पुन्हा हंडा होतं. भोरजवळ मावसदिरांकडे अजून न्हाणीघरात बंब पेटतो, त्यांचा गळायला लागला आहे. बंब त्यांच्याकडे.

शेल्फांपुढची जागा कोरी.

*

मार्च

बोहारीण आता दारोदार फारशी फिरत नाही, पण आमच्या भागात शनिवारी एक येते. अडतीस कपडे काढून ठेवले होते. तिने एकेक कपडा हातात घेऊन उजेडाकडे धरला, काखेत आणि कॉलरला बघितलं, आणि पाच मिनिटांत चार ढीग केले. धड कपडे धुऊन, टाके घालून, इस्त्री करून बाजारात बसतील. सुती फाटके गॅरेजमध्ये पुसायला. लोकरीचे वेगळे, ते पुढे पानिपतच्या बाजूला जातात. तिथे जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याची ब्लँकेटं होतात. चौथा ढीग तिने माझ्याकडे परत सरकवला. "हे टेरिकॉट नको वहिनी. पुसायलाबी पाणी पीत नाय."

कापड घेताना कुणीही मला इतकं खरं सांगितलं नव्हतं. ज्या कपड्याला पाणी पिता येत नाही त्याला दुसरा जन्म नाही.

बदल्यात तिने पातेलं पुढे केलं. घरातली भांडी कमी करायला निघाले आहे, म्हणून नको म्हटलं. तिला ते अपमानासारखं वाटलं, चेहरा उतरला. शेवटी एक चहाची गाळणी घेतली. व्यवहार पुरा झाला तेव्हा ती उठली.

नऊवारी मात्र द्यायच्या नाहीत, असं सासूबाईंनी सांगून टाकलं. त्यांत चिनी मातीच्या बरण्या गुंडाळायच्या, आणि पावसाळ्यात नव्या घरी बसून त्यांची गोधडी शिवायची.

*

रद्दी ६४ किलो. वर्तमानपत्रांचे गठ्ठे वेगळे ठेवले, भांडी गुंडाळायला लागतील. कागदाचा धागा प्रत्येक पुनर्वापरात आखूड होत जातो. पाच-सात वेळा कागद झाल्यावर त्यात जीव राहत नाही. म्हणून एकदा छापून झालेल्या कागदात कपबशी गुंडाळली, नंतर कागद उलगडून त्याची घडी केली आणि मग रद्दीत घातली, तर त्या धाग्याचा एक फुकटचा फेरा मिळतो.

दिवाळी अंक रद्दीत जाणार नाहीत. एका वाचनालयाने १९९५ पूर्वीचे सगळे मागितले आहेत. उरलेले अप्पा बळवंत चौकाच्या बाजूला जुनी पुस्तकं घेणाऱ्याकडे. त्याने चाळून बघितले आणि म्हणाला, अंकाचं मुखपृष्ठ शाबूत असेल तर ठेवा, फाटलेलं असेल तर आधी चिकटवा. आता रोज रात्री जेवणानंतर आम्ही तिघं खळ घेऊन बसतो. या कामाला घाईत कुणी बसलंच नसतं.

*

आमच्या कचरावेचक ताई स्वच्छ संस्थेच्या सभासद आहेत. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सोबतच्या कार्यकर्त्या त्यामागे होत्या. कचऱ्यातून पोट भरणाऱ्या बायकांना कामगार म्हणून ओळख मिळावी ही त्यांची मागणी होती. त्यातूनच पुढे वेचकांची ही सहकारी संस्था झाली आणि महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा त्या उचलू लागल्या. तीन हजारांहून जास्त माणसं या कामात आहेत, बहुतेक बाया.

ताईंना सगळी वही वाचून दाखवली. त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याही माहितीपत्रकात मिळालं नसतं. काच द्यायची तर फुटकी वेगळी, कागदात बांधून, वर पेनाने 'काच' लिहून. औषधाच्या गोळ्यांची पाकिटं भंगारात घेत नाहीत, कारण प्लास्टिक आणि पत्रा चिकटलेला असतो. पेनांचंही तेच, चार जातींचं प्लास्टिक आणि वर लोखंड. "एका जातीचं असलं का त्याला भाव. मिसळ झाली का कचरा," ताई म्हणाल्या. जुने कपडे, गाद्या, फर्निचर, बिघडलेली यंत्रं यांसाठी त्यांच्या संस्थेची व्ही-कलेक्ट नावाची मोहीम असते. तारीख आली की सांगेन म्हणाल्या.

एकच विनंती केली त्यांनी: "शेवटच्या दिवशी सगळं एकदम नका देऊ काकू. रोज थोडं द्या. माझी गाडी एकच आहे."

मग रोज थोडं.

*

वायरींची पिशवी. अकरा चार्जर, सात इअरफोन, तीन रिमोट, एक मृत राउटर, मोबाइल पाच. मॉनिटर. दोन सीएफएल, त्या उडालेल्या ट्यूब.

हे भंगारवाल्याला दिलं तर तो लगेच घेईल. पुढे कुठेतरी कुणी पोरगा तांब्यासाठी वायरी जाळील. वायरीवरचं पीव्हीसी जळताना डायऑक्सिन सुटतात, आणि धूर तोच पोरगा ओढणार. मॉनिटरच्या जाड काचेत शिसं आहे. सीएफएलमध्ये आणि ट्यूबमध्ये पारा. मिलिग्रॅममध्येच, पण फुटली की तो खोलीतल्या हवेत. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम पहिल्यांदा २०११ साली झाले. आताचे २०२२ चे, १ एप्रिल २०२३ पासून लागू. जो यंत्र बनवतो त्याच्यावरच ते परत गोळा करून नोंदणीकृत पुनर्प्रक्रियावाल्याकडे पोचवायची जबाबदारी आहे. म्हणजे दुकानात विचारायचा हक्क आहे. एका दुकानात विचारलं, तिथल्या मुलाने असं काही ऐकलं नव्हतं. दुसरीकडे ठेवून घेतलं.

ट्यूब आणि सीएफएल त्यांच्या मूळ पुठ्ठ्यात घालून ताईंच्या मोहिमेपर्यंत ठेवल्या आहेत. वहीत तांबड्या पेनाने लिहिलं: फुटता कामा नये.

*

आजपासून वाणसामान आणणं बंद. जे आहे ते संपवायचं.

मागच्या वर्षीच्या कुरडया, सांडगे, अर्धा डबा नाचणी, तीन जातींच्या डाळी मुठी-मुठीने, मेतकूट, खारकांची पूड. एक आठवडा नुसत्या मिश्र डाळींचं वरण आणि धिरडी. सांडग्यांची आमटी तीनदा झाली. सासूबाईंना जुन्या चिंचेचा गोळा सापडला, काळा, आबदार, आणि त्या दिवशी त्यांनी स्वतः सार केलं. यंदा वाळवण घातलं नाही. मे संपताना ही गच्चीच नसेल.

लोणच्याची बरणी मात्र भरलेलीच नेणार.

*

एप्रिल

खोकी. पॅकर्सवाल्यांनी दरपत्रक पाठवलं, त्यात नवीकोरी ५० खोकी, बबल रॅपचे चार रोल, आणि कपाटांना गुंडाळायची ताणली जाणारी प्लास्टिकची फिल्म. सात किलोमीटरसाठी. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे आणि भाजीवाल्याकडे आपण पिशवी विसरलो तर ओशाळतो, पण घर हलवताना किलोभर पिशव्यांएवढी फिल्म एका कपाटाला गुंडाळून तासाभराने फाडून टाकतो.

बबल रॅपची गोष्ट मला फार आवडते. १९५७ साली अमेरिकेत न्यू जर्सीत दोन माणसांनी प्लास्टिकचे दोन पडदे एकमेकांवर चिकटवले, मधे हवेचे फुगे राहिले. त्यांना भिंतीला लावायचा उठावदार कागद करायचा होता. तो कुणी घेतला नाही. काही वर्षांनी आयबीएमला कॉम्प्युटर पाठवताना गुंडाळायला काहीतरी हवं होतं, तेव्हा कुठे त्याचं काम ठरलं. म्हणजे नाजूक वस्तूला हवेची उशी लागते, एवढीच यातली कल्पना आहे. हवा गोधडीतही असते. टॉवेलमध्ये, स्वेटरमध्ये, चुरगाळलेल्या वर्तमानपत्रात, आंब्याच्या पेटीतल्या पेंढ्यात. हापूस कोकणातून इतकी वर्षं येतोय तो पेंढ्यातच.

एप्रिल असल्याने पेंढा भरपूर मिळाला. खालच्या मजल्यावरच्यांनी दोन पेट्या आंबे आणले होते, त्यांचा पेंढा आणि लाकडी पेट्या दोन्ही मागून घेतल्या.

मार्केट यार्डातून सफरचंदाची रिकामी खोकी आणली, तीस. फळवाल्याला ती रद्दीतच द्यायची होती. वीस किलो सफरचंद पेलणारं खोकं पुस्तकांना अगदी मापाचं. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरली की हमालाच्या कमरेचं काही खरं नाही. आमच्याकडे लिफ्ट नाही, तीन मजले. पर्यावरण म्हणताना ज्याच्या पाठीवरून घर उतरणार आहे तो माणूस मोजायचा राहून जातो.

शिवाय पाच खोकी मैत्रिणीकडून, ती गेल्या वर्षी नाशिकहून आली त्यातली. त्यांच्यावर तिच्या अक्षरात लिहिलं होतं: 'स्वयंपाकघर: मोठी भांडी', 'बाळाचं'. खोडलं नाही. खाली आमचं लिहिलं.

*

गाद्या. दोन कापसाच्या, एक फोमची. कापसाच्या तळाला दगड झाल्या होत्या. पिंजाऱ्याने खाली अंगणातच उसवल्या. यंत्रात घालून कापूस पिंजला तेव्हा ढीग दुप्पट झाला. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या लग्नातला कापूस असेल यात." असेलच. दोन गाद्यांच्या दोन नव्या गाद्या आणि उरल्या कापसाचा एक लोड. अंगणभर उडालेला कापूस केरसुणीने गोळा करून तो लोडाच्या टोकात भरला.

फोमची गादी कुणीही घेतली नाही. चार ठिकाणी विचारलं. ती उसवता येत नाही, पिंजता येत नाही, धुता येत नाही. शेवटी कापून तिचे चौकोन केले आणि कपाटांच्या कोपऱ्यांना बांधले. त्यानंतर ते व्ही-कलेक्टकडे जातील. या एका गादीसाठी मी जितका वेळ घालवला तितका आख्ख्या माळ्यासाठी घालवला नाही. पुन्हा फोमची गादी विकत घेणार नाही.

पार्टिकल बोर्डच्या शेल्फांचं तेच. दाबून केलेला भुसा आणि गोंद. एकदा स्क्रू निघाला की भोक पुन्हा स्क्रू धरत नाही. त्यातल्या गोंदामुळे जाळायलाही नको. त्याच माळ्यावरची सागवानी फळी, बहुधा इमारतीच्या आधीच्या वाड्यातली, सुताराने रंधा मारला तेव्हा आतून नवीकोरी निघाली. तिचं बाक होतंय.

*

गेले वीस दिवस मी रोज मेट्रोने दोन पिशव्या नेते. लकडी पूल ओलांडून डेक्कनला चढायचं, वनाझला उतरायचं, पुढे बस, नाहीतर चालत. बरण्या, देवांच्या तसबिरी, आरसा, मिक्सरची भांडी, कपबश्या. जे फुटण्यासारखं ते सगळं असंच मांडीवर घेऊन गेले. एकही फुटलं नाही आणि त्यांच्यासाठी एकही खोकं लागलं नाही. घरमालकांनी लवकर किल्ली दिली म्हणून हे जमलं. त्यांचे आभार मानायला पेढे घेऊन गेले होते.

वाटेत पौड रस्त्यावर 'कचरा डेपो' नावाचा थांबा लागतो. एके काळी पुण्याचा कचरा खरंच तिथे पडायचा. मग कोथरूड वाढलं, नव्वदच्या दशकात तो डेपो बंद झाला आणि शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांच्या दारात जाऊ लागला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं. त्या लोकांनी वर्षानुवर्षं गाड्या अडवल्या, मोर्चे काढले. इथे आता मेट्रोचा डेपो आहे, भोवती घरांच्या किमती चढलेल्या आहेत. 'कचरा डेपो' हे नाव तेवढं राहिलं आहे. रोज तिथून जाताना मांडीवरची पिशवी मी जरा घट्ट धरते.

*

सासूबाईंना आज विचारलं, तुम्ही किती घरं बदललीत? म्हणाल्या, मोजून दोन. एक लग्न करून आले ते. आणि एक पानशेत.

१२ जुलै १९६१. त्या आठ वर्षांच्या होत्या, नारायण पेठेत. धरण फुटलं म्हणत लोक पळत सुटले, त्यांच्या आईने एका हातात त्यांना आणि दुसऱ्या हातात देवघरातला तांब्या घेतला. तांब्या का घेतला हे तिला स्वतःलाही पुढे कधी सांगता आलं नाही. पाणी ओसरल्यावर चिखलातून एक लोखंडी पेटी आणि पाट्याचा दगड मिळाला. पुढे किती तरी महिने अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटमध्ये. "त्या पत्र्यात दुपारी जीव जायचा," त्या म्हणाल्या, "पण कुणीकुणी दिलेल्या भांड्यांवर आमचं घर उभं राहिलं. एकही विकत घेतलेलं नव्हतं. एका डब्यावर कुणा परक्या बाईचं नाव कोरलेलं होतं. तो अजून आहे बघ."

आहे. आमचा पोह्यांचा डबा. त्याच्यावरचं नाव मी इतकी वर्षं कुणा आत्याचं समजत होते.

*

मे

एसी. हे सविस्तर लिहून ठेवते, कारण मला हे आधी माहीत नव्हतं आणि माझ्या ओळखीत कुणालाच नव्हतं.

एक एसीवाला आला. काढायचे किती, बसवायचे किती, ते सांगितलं. मी विचारलं, आतल्या गॅसचं काय? म्हणाला, "सोडून द्यायचा, तिकडे नवा भरायचा. दोन मिनिटांचं काम." तो पाना घेऊन नटाला लावायला निघालाच होता. का कोण जाणे, मी थांबवलं.

बाहेरच्या युनिटवरची पट्टी वाचली. गॅस आर-४१०ए, साधारण एक किलो. मग लेकीने शोधून दाखवलं: या गॅसचा एक किलो हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरून ठेवतो. दोन टन! आमचा छोटा टेम्पो तीन फेऱ्या करणार, जाऊन-येऊन ४२ किलोमीटर, फार तर तीन लिटर डिझेल. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे सगळं घर हलवण्याचा धूर आठ किलो, आणि एका पान्याच्या फिरकीत त्याच्या अडीचशेपट. मी तीन महिने जुनी खोकी गोळा करतेय, पेंढा मागून आणतेय, आणि हे सगळं दोन मिनिटांच्या फुस्समध्ये वाहून गेलं असतं.

दुसरा मुलगा शोधला. आयटीआय झालेला, पंचविशीचा. त्याला विचारलं तेव्हा तो खुलला. "पंप डाउन करू ना काकू. कुणी विचारतच नाही." त्याने एसी कूलिंगवर चालू केला. बाहेरच्या युनिटला दोन तांब्याच्या नळ्या असतात, एक पातळ, एक जाड. पातळ नळीचा व्हॉल्व्ह आधी बंद केला. आतला गॅस जाड नळीतून बाहेरच्या युनिटकडे ओढला जात राहिला. गेजवरचा काटा खाली येत गेला, मिनिटभरात तळाला लागला, त्याबरोबर त्याने जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करून मशीन बंद केलं. सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये कोंडला गेला. नवीन जागी नळ्या जोडून, व्हॅक्यूम पंपाने त्यांतली हवा काढून, व्हॉल्व्ह उघडले की झालं. नवा गॅस भरायचा खर्चही वाचला.

पाच-दहा मिनिटं जास्त लागली. त्याला ठरल्यापेक्षा थोडे जास्त पैसे दिले, आणि सोसायटीत अजून नऊ एसी निघायचे आहेत त्या सगळ्यांना त्याचाच नंबर दिला. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर मी स्वतः जाऊन हे समजावून सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरच्यांचा एसी जुना, आर-२२ वाला. तो ओझोनचा थरही पोखरतो. त्यांचा तर सोडायचाच नाही, असं बजावून आले.

या वहीतलं एकच पान कुणी वाचणार असेल तर हे वाचावं.

*

फ्रिज: आडवा करायचा नाही, उभाच न्यायचा, आणि नेल्यावर काही तास बंद ठेवायचा. आतलं तेल कॉम्प्रेसरमध्ये परत बसू द्यायचं. घाईने चालू केल्यामुळे किती फ्रिज मेले असतील.

*

झाडं. बावीस कुंड्यांपैकी नऊ नेणार. नव्या बाल्कनीत दुपारचं ऊन आहे, सावलीची झाडं तिथे जळतील, ती शेजाऱ्यांना आणि लेकीच्या शाळेला. मोगरा छाटला. नेण्याआधी दोन दिवस पाणी बंद: माती हलकी होते, गोळाही फुटत नाही. तुळस टेम्पोत नाही, हातात.

कढीपत्ता पिंपात आहे, डोक्याएवढा उंच, तो हलणार नाही. बुंध्याजवळ फुटलेली तीन पोरं मुळांसकट काढून घेतली.

अंगणातला पारिजातक आणि नारळ. १९७५ च्या कायद्याने परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, पण परवानग्या मिळतात. नारळ कुंपणाजवळ असल्याने नव्या आराखड्यात तो ठेवायचं बिल्डरने लेखी मान्य केलं. त्यासाठी चार बैठका भांडलो. पारिजातक अगदी पायाच्या खड्ड्यात येतो. तो जाणार. त्याच्या बिया पाकिटात घेतल्या, प्रत्येक घराला वाटल्या.

*

कंपोस्टचं पिंप. पूर्ण नेणं शक्य नाही. तयार खत चाळून झाडांना घातलं. अर्धंकच्चं बादलीभर वेगळं काढलं, ते नव्या घरच्या पिंपात तळाला. सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे विरजणच की." तेच. नवं पिंप नुसत्या साली घालून सुरू केलं तर आधी नासतं, वास येतो, चिलटं होतात आणि माणूस कंटाळून सोडून देतो. जुन्यातले जीव घातले की लागतं.

दह्याचं विरजणही त्याच दिवशी निघालं, स्टीलच्या छोट्या डब्यात, फडक्यात बांधून.

*

घराचं काय? आपण सामानाचा विचार करतो, पण सगळ्यात मोठा कचरा तर मागे उभा असतो. भिंती, फरशा, चौकटी. २०१६ साली राडारोड्याचे वेगळे नियम झाले. त्यांत होतं की महिन्याला ३०० टनांहून जास्त निघणार असेल तर काँक्रीट, विटा, लाकूड, लोखंड वेगवेगळं करून द्यायचं, आधी योजना सादर करायची. तरी मुठेच्या काठाला रात्री रिकाम्या होणाऱ्या डंपरांच्या खुणा कुणीही जाऊन बघाव्यात. आम्ही तिघी जणींनी सोसायटीच्या ठरावात एक ओळ घालून घेतली: राडारोडा कुठे गेला याच्या पावत्या सोसायटीला दाखवायच्या. पावत्या आल्या की इथे लिहीन.

पाडकामवाला येऊन दारं-खिडक्या मोजून गेला. सागवानी चौकटी, लोखंडी गज, कडप्प्याचा ओटा, शहाबादी फरशा, सगळ्याला गिऱ्हाईक आहे. आमचा ओटा पौडजवळच्या एका घरी बसणार आहे. त्यावर माझ्या पोळ्या लाटण्याच्या जागी एक गुळगुळीत खळगा आहे. हात फिरवून आले.

*

२७ मे

दिवस. सकाळी देव, मीठ, हळद-कुंकवाचा करंडा आणि पाण्याचा तांब्या आधी गेला. मग चार हमाल, एक छोटा टेम्पो, तीन फेऱ्या. सामान आधीच निम्मं झालं होतं, म्हणून चौथी फेरी लागली नाही. कपाटांना चादरी आणि फोमचे चौकोन, सुतळीने बांधलेले. हमालांतले वयस्कर मामा म्हणाले, प्लास्टिक गुंडाळलं की हातातून निसटतं, चादर बरी पकडता येते.

त्यांना पाणी, ताक आणि दुपारी जेवण. सांडग्यांची शेवटची आमटी.

घर रिकामं झाल्यावर कचऱ्याचं एक पोतं उरलं. एकच, अर्धं भरलेलं. टेरिकॉटचे कपडे, गोळ्यांची पाकिटं, शेल्फांचा भुसा. ताई निरोप घ्यायला आल्या होत्या. त्यांनी पोतं उचलून वजन बघितलं आणि माझ्याकडे बघून हसल्या. त्यांना नऊवारीतली एक हिरवी हवी होती, सासूबाईंनी स्वतः काढून दिली.

*

२ जून

खोकी रिकामी झाली तशी चपटी करून पलंगाखाली ठेवली. इथल्या खालच्या मजल्यावरच्या दोन विद्यार्थिनी १५ तारखेला घर बदलणार आहेत, त्यांनी मागितली आहेत. 'बाळाचं' लिहिलेलं खोकं त्यांतली मोठी घेणार म्हणाली.

फर्निचरच्या दुकानाचा माणूस रोज पत्रक टाकून जातो. पडद्यांचं माप जुळत नव्हतं, खाली एक पट्टी जोडून घेतली.

कंपोस्टच्या पिंपात हात घातला. कोमट.

राहिलेलं:

सागवानी बाक, सुताराकडून आणायचं.

ट्यूब आणि सीएफएल, ताईंची तारीख अजून नाही. कपाटावर, मागच्या बाजूला.

गोधडी, पाऊस सुरू झाल्यावर.

हार्मोनियम. हिच्यापुढची जागा फेब्रुवारीपासून कोरी होती. काल एका संगीत शिक्षिकेचा फोन आला, त्यांच्याकडच्या एका मुलीला शिकायला हवी आहे, नवी परवडत नाही. रविवारी संध्याकाळी बघायला येतील. त्याआधी भात्याचं भोक बुजवून घ्यायचं.